चिचगडला ठेवलेली दुसरी प्रत

गोंदियात माझा फोटो स्टुडिओ आहे, खाली दुकान आणि वर घर. लग्नं, बारशी, तेरव्या, शाळांची गॅदरिंग, पासपोर्टचे फोटो, समोर येईल ते काम मी करतो. माझं डोकं गरम आहे, हे गिऱ्हाइकांनाही माहीत आहे. एखादा "भैया, अल्बम कब तक मिलेगा?" असं तिसऱ्यांदा विचारायला आला की मी त्याला भिंतीवरचं कॅलेंडर दाखवतो आणि तो निमूट परत जातो. पण माझ्याकडून कुणाचा फोटो कधी हरवला नाही, हे शिव्या देणारेही मान्य करायचे. या एका गोष्टीवर मी वर्षानुवर्षं मान ताठ ठेवून फिरलो.

गेल्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडाशी नागऱ्याच्या एक बाई आल्या. घराचं छप्पर गळून त्यांच्या मुलाच्या लग्नाचा अल्बम भिजला होता, पानं एकमेकांना चिकटून त्याची वीट झाली होती. मी ड्रॉवरमधून डिस्क काढली, जोडली आणि अर्ध्या तासात त्यांच्या हातात नवे फोटो ठेवले. त्या माउलीने दुकानातच मला हात जोडले. दिवसभर मी हवेत होतो. संध्याकाळी डिस्क परत ठेवायला ड्रॉवर उघडला आणि जमिनीवर आलो.

तीन डिस्क एकावर एक पडल्या होत्या. चौथी काँप्युटरच्या पोटात, ड्रॉवरपासून दोन हातांवर. आग लागली, चोरी झाली, नाला फुगून दुकानात पाणी शिरलं, तर सगळं एका फटक्यात जाणार. एकाच छताखाली दोन प्रती ठेवून मी स्वतःला शहाणा समजत होतो. दुसरी प्रत दुसऱ्या गावात हवी, हे मला त्या दिवशी कळलं. इंटरनेटवर भाड्याने जागा मिळते, पण दर महिन्याला कुणाला तरी भाडं देत बसायचं आणि आपल्या लोकांची लग्नं कुठल्या देशात ठेवली हेही कळायचं नाही, हे मला पटेना.

म्हणून मी स्वतःच एक डबा बनवला. एक जुना लॅपटॉप होता, स्क्रीन फुटलेला, बाकी धडधाकट. त्याची स्क्रीन उतरवली. बॅटरी फुगली होती, ती काढून टाकली. दोन मोठ्या डिस्क जोडल्या, म्हणजे एक गेली तर दुसरी उरेल. व्हिडिओ कॅमेऱ्याची ॲल्युमिनियमची जुनी पेटी माळ्यावर पडून होती, मूठवाली. तिला ड्रिलने भोकं पाडली, आत एक छोटा पंखा बसवला आणि बाहेर एक दिवा लावला. सगळं ठीक तर हिरवा, काही बिघडलं तर लाल. फुकटात मिळणारा प्रोग्राम टाकला. रोज दुपारी दुकान बंद असताना माझ्या काँप्युटरवरचं नवीन काम आपोआप त्या पेटीत जाणार, मी काही करायचं नाही. खर्च म्हणाल तर दोन डिस्कचा तेवढा, बाकी सगळं अडगळीतलं.

एक उणीव राहिली होती. बॅटरी नसल्यामुळे लाईट गेली की डबा बंद पडायचा, आणि लॅपटॉप जुना, लाईट आल्यावर आपोआप उठायचा नाही. कुणीतरी बटण दाबावं लागे. याला उपाय होता, थोडा खर्च करून एक लहान बॅटरी लावायची. मी म्हटलं, बटण दाबायला बाई आहे की.

बाई म्हणजे माझी मोठी बहीण. ती चिचगडला राहते, देवरीच्या पुढे, जंगलाच्या कडेला. घरी ती आणि भाऊजी दोघंच. एक मुलगी, ती लग्न होऊन राजनांदगावला गेली. थोडी धानाची शेती, मार्च-एप्रिलमध्ये मोहाची फुलं वेचणं, असं त्यांचं चालायचं. मुलीला व्हिडिओवर पाहता यावं म्हणून त्यांनी घरी इंटरनेट घेतलं होतं. मला आणखी काय हवं होतं? जुनं सगळं काम मी गोंदियातच पेटीत भरून घेतलं, कारण तेवढं तारेवरून पाठवायला कित्येक महिने लागले असते, आणि पेटी मांडीवर घेऊन दोन बस बदलून चिचगडला पोचलो.

भाऊजी फार बोलत नसत. घरात ते आहेत की नाहीत हे खोकल्यावरून कळायचं. मी ओसरीच्या आतल्या खोलीत पेटी मांडत होतो तर ते चिलीम बाजूला ठेवून येऊन उकिडवे बसले.

"हे खाते का काही?" त्यांनी विचारलं.

"लाईट खाते, भाऊजी."

"आनि देते का?"

मी समजावून सांगितलं. दुकान जळलं तरी लोकांचे फोटो इथे राहतील, वगैरे. ते ऐकत राहिले. मग म्हणाले, "बिजाई ठेवल्यासारखं हाये तं." त्यांची तशी पद्धत होती. बियाण्याच्या धानाचा एक कट्टा, म्हणजे पोतं, ते दरवर्षी दुसऱ्या टोलीत, वेगळ्या वस्तीवर राहणाऱ्या चुलतभावाकडे ठेवत. घराला काही झालं तर पेरायला धान असावं म्हणून. पुष्कळ घरी हीच रीत आहे.

"तेच," मी म्हटलं.

"मी मयन्यातून एकदा जाऊन कट्ट्यात हात घालून पाह्यतो," ते म्हणाले. "कीड लागली का, ओल लागली का. तुमाले पाहा लागते का याच्यात?"

"नाई भाऊजी. हे आपोआप चालते. याले पाहा लागत नाई."

त्यांनी मान हलवली आणि चिलीम उचलली. हा प्रश्न मला त्या दिवशी खेडवळ वाटला, हे मी इथे लिहून ठेवतो.

पहिले काही दिवस बाईचा रोज फोन यायचा. "भाऊ, लाईट गेलती, आता आली. बटन दाबू का?" दाब म्हटलं की दाबायची आणि दिवा हिरवा होईपर्यंत फोन धरून ठेवायची. "झाला हिरवा," म्हणायची, मग जेवलास का, वहिनी कशी आहे, पोरांची परीक्षा कशी गेली. चिचगडची लाईट दिवसातून तीन वेळा जाते. एकदा तिने पेटीवर धूळ बसते म्हणून स्वतः विणलेला रुमाल घातला, भोकं झाकली गेली आणि आतला पंखा कण्हायला लागला. मी तिला फोनवर झापलं. म्हटलं, मला विचारल्याशिवाय त्याला हात लावायचा नाही. ती "बरं" म्हणाली आणि त्यानंतर खरोखर प्रत्येक गोष्ट विचारायला लागली.

मग जूनमध्ये तो दिवस आला. आमगावकडे एका लग्नात होतो, वरात दारात, बॅंड कानात, माझ्या एका हातात कॅमेरा. बाईचा फोन. कापला. परत आला. परत कापला. तिसऱ्यांदा उचलला.

"भाऊ, लाईट आली. बटन..."

"बाई, तुले दुसरे धंदे नाई का?" मी ओरडलो. शेजारचा सनईवाला वळून पाहायला लागला. "मी कामावर हाओ. आता दाब, पन याच्यापुढं मी सांगतो तवाच त्या डब्याले हात लावजो. आनि त्याच्यासाठी मले फोन करू नोको. मी करीन, मले वाटन तवा."

पलीकडे बॅंडचाच आवाज तिलाही ऐकू जात असावा. ती म्हणाली, "बरं, भाऊ." फोन ठेवला. मी तो कॅमेरा डोळ्याला लावला आणि ती गोष्ट विसरलो.

मला वाटलं नाही कधीच. म्हणजे मी फोन केले, पण डब्यासाठी नाही. डबा बंद पडला की माझ्या मोबाइलवर सूचना यायची. चिचगडच्या लाईटमुळे त्या सूचनांनी मी आधीच वैतागलो होतो आणि मे महिन्यातच त्या बंद करून टाकल्या होत्या. डबा आपोआप चालतो, हे मी इतक्या लोकांना सांगितलं होतं की माझाही त्यावर विश्वास बसला होता. त्या वर्षी बाईने राखी पोस्टाने पाठवली. दरवर्षी ती स्वतः यायची. मी बायकोला म्हटलं, धानाच्या रोवणीत अडकली असेल. बायको म्हणाली, "रोवणी तर आटोपली." मी लक्ष दिलं नाही.

चिचगडला काय झालं ते मला कितीतरी नंतर कळलं. मी ओरडलो त्याच संध्याकाळी तिकडे विजा कडाडल्या. आमच्या भागात वीज पडते, माणसं जातात, जनावरं जातात. पहिला गडगडाट ऐकला की बाई उठते आणि घरातला एकेक प्लग उपटते. टीव्ही, फ्रिज, पंपाचा स्टार्टर, छतावरच्या डिशची वायर. हे ती कधीपासून करते. त्यात तिने माझा डबाही काढला, कारण भावाची वस्तू तिच्या घरात जळू नये. वीज थांबली. आता परत लावायचा तर भावाने हात लावू नको म्हटलेलं, आणि विचारायचं तर फोन करू नको म्हटलेलं. तिने वाट पाहिली. मग पेटी जुन्या लुगड्यात गुंडाळली आणि धानाच्या कोठीवर, कोरड्या जागी, ठेवून दिली.

पोळ्यानंतर भाऊजी गोंदियाला आले. खोकला फार वाढला होता, इथल्या डॉक्टरांना दाखवायचं होतं. बाई शेत आणि गुरं सोडून येऊ शकत नव्हती. आठ-दहा दिवस ते आमच्याकडे राहिले. दिवसभर वर बसून कंटाळायचे, मग जिना उतरून स्टुडिओत येऊन बसायचे. एका दुपारी मी नवीन आणलेला लाईट तपासत होतो. समोर कुणीतरी बसायला हवं होतं. म्हटलं, भाऊजी, बसा खुर्चीवर, काहीतरी बोला, म्हणजे आवाजही तपासून होईल.

"का बोलू?"

"काईही बोला. बाईबद्दल बोला."

मी गंमतीत म्हटलं होतं. तर तो माणूस बोलायला लागला. आयुष्यभर तीन शब्दांत भागवणारा माणूस वीस-बावीस मिनिटं बोलत होता. मी एक डोळा मिटून त्यांच्या गालावरची सावली पाहत होतो. कानाला हेडफोन होते, पण कान आवाजाच्या काट्यावर होते, तो लाल भागात जातो की काय याकडे. मध्येच ते अस्वलाचं काही सांगत होते आणि हसले, इतके हसले की खोकला आला. मी लाईट थोडा डावीकडे सरकवला. बोलून झाल्यावर त्यांनी गमछ्याने डोळे पुसले, खोकल्याने असेल. "झालं," म्हणाले.

मला काम छान झालं याचा आनंद होता. ती क्लिप मी लगेच काँप्युटरवर घेतली. दुसऱ्या दिवशी एक बारसं होतं, म्हणून कार्ड पुसून मोकळं केलं. बेफिकीरपणे पुसलं. कारण उद्या दुपारी ती चिचगडच्या डब्यात जाणार होती, दोन गावांत दोन प्रती. त्या संध्याकाळी बाईला फोन केला तेव्हा मी शेखी मिरवली. "भाऊजी तुह्याबद्दल बोलले कॅमेऱ्यासमोर. वीस मिनिटं."

"हे?" ती हसली. "काय बोलले?"

"तूच ऐकजो."

दिवाळीच्या आधी भाऊजी गेले. मी चिचगडला दोनदा गेलो, ते वारले त्या दिवशी आणि तेरवीला. आतल्या खोलीत डबा दिव्यासह चालू आहे का, हे पाहायची मला आठवणही झाली नाही. तेरवीला माणसं पांगल्यावर बाई जवळ येऊन बसली.

"भाऊ, ते बोलले होते म्हणे ना, ते दे ना मले. फोनवर टाकून दे."

तेव्हा द्यायला हवं होतं. परत आल्याबरोबर पाठवायला पाच मिनिटं पुरली असती. पण मला ते चांगलं करून द्यायचं होतं. खोकला कापायचा, रंग सुधारायचे, सुरुवातीला त्यांच्या लग्नातला फोटो, शेवटी बासरी. कच्चा माल द्यायचा नाही, हा माझा बाणा. तिने माघ महिन्यात परत विचारलं. "होऊन राहिलं, बाई," मी म्हटलं. तोवर मी ती फाइल उघडलीसुद्धा नव्हती. आणि उघडली नाही म्हणजे ऐकलीही नाही.

मार्चमध्ये अवकाळी आली. गारा पडल्या, सगळ्या गावावर वीज कडकडत होती. मी वर जेवत होतो. खाली दुकानात काँप्युटर चालू होता, प्लग लावलेला. बाईसारखा मी काही घाबरट नव्हतो. एक असा आवाज झाला की ताटातली वाटी हलली. समोरच्या खांबाजवळ पडली होती. खाली गेलो तर जळक्या वायरचा वास आणि काळी स्क्रीन. काँप्युटरसोबत त्याला जोडलेल्या डिस्कही गेल्या. नागपूरला एका जाणकाराकडे पाठवल्या, त्याने उघडून पाहिल्या आणि नाही म्हणून सांगितलं.

त्या दिवशी मी घाबरलो नव्हतो, उलट जरा रुबाबात होतो. बायकोला म्हटलं, बघ, म्हणून डबा बनवला. मोबाइलवर चिचगडच्या डब्याच्या नोंदी उघडल्या. शेवटची नोंद मागच्या जूनची होती. पुढे काही नव्हतं. मी बाईला फोन लावला.

"बाई, डबा चालू हाये ना?"

"नाई," ती म्हणाली. "तू 'मी सांगतो तवाच' म्हटलं होतं ना."

जूनपर्यंतची सगळी लग्नं वाचली होती. जूननंतरची गिऱ्हाइकांनी पेनड्राइव्हवर नेलेली होती, त्यांच्याकडून मागून घेतली. शेवटी कुणाचंही काही गेलं नाही. एकट्या बाईचं गेलं. तिचं तेवढं माझ्याकडे पडून होतं, कारण मी ते चांगलं करून देणार होतो.

मी चिचगडला गेलो. मोह पडायला सुरुवात झाली होती, अंगणात चटईवर फुलं वाळत होती. मी तिला सांगितलं की भाऊजींचा व्हिडिओ जळाला, आणि दुसरी प्रत या डब्यात यायची होती ती आली नाही, कारण डबा बंद होता. एवढंच सांगितलं. तिने कोठीवरून लुगड्यात गुंडाळलेली पेटी खाली काढली आणि समोर ठेवून पाहत बसली.

"इज चमकून राहिलती," ती म्हणाली. "मीनंच काढला होता प्लग." आणि तिने स्वतःच्या उजव्या हाताकडे पाहिलं.

आता बोलायचं होतं. तुझा प्लग काढणं बरोबर होतं, बाई. परत लावू नको असं मीच म्हटलं होतं. सूचना मी बंद केल्या, कार्ड मी पुसलं, सहा महिने मी दिलं नाही आणि माझ्या दुकानातला प्लग मी काढला नाही. सगळं ओठांवर होतं. मी म्हणालो, "जाऊ दे, बाई. तुले का माहीत असनार? होते असं." मायेने म्हणालो. तिच्या खांद्यावर हात ठेवला. माझ्या चुकीबद्दल मी तिला माफ केलं. माझ्या आयुष्यात मी शिव्या पुष्कळ दिल्या आहेत, पण त्या गोड बोलण्याइतकं वाईट मी काही बोललेलो नाही.

तिने ते लुगडं सोडून घडी घातली. मग म्हणाली, "तुले तं आठवत असन ना ते काय बोलले ते?"

"अस्वलाचं काहीतरी सांगत होते. आनि हसले."

"कोनतं अस्वल?"

"म्हंजे?"

"मोह वेचताना दोनदा आलतं अस्वल. एकदा लग्नाच्या वर्षी, आनि एकदा पोरगी पोटात होती तवा. कोनत्या वेळचं सांगत होते?"

मला माहीत नव्हतं. मी लाईट सरकवत होतो. एक क्षण वाटलं काहीतरी ठोकून द्यावं, लग्नाच्या वर्षीचं म्हणावं, ती खूष होईल. तेवढं मात्र माझ्याने झालं नाही. "आठवत नाई," म्हटलं. तिने पेटी उचलून जुन्या जागी ठेवली, प्लग लावला, मला विचारून बटण दाबलं.

त्यानंतर तिचा रोज फोन येऊ लागला, ठरल्यासारखा सकाळी. "भाऊ, दिवा हिरवा हाये." बस, एवढंच. जेवलास का नाही, पोरांचं नाही. मी "बरं, बाई" म्हणायचो. लहान बॅटरीही मी आता घेतली, ती बसवायला जूनमध्ये चिचगडला गेलो.

दुपारी पोचलो. हात धुतो न धुतो तोच देवरीकडून काळं आभाळ आलं आणि गडगडायला लागलं. बाई उठली. टीव्हीचा प्लग उपटला, फ्रिजचा उपटला, डिशची वायर काढून खिडकीबाहेर टाकली. मग आतल्या खोलीत गेली आणि आलीच नाही. मी जाऊन पाहिलं तर ती जमिनीवर पेटीला टेकून बसली होती. हिरवा दिवा चालू होता. प्लग बोर्डात होता. विजेला जन्मभर भिणारी माझी बहीण, पदर डोक्यावर घेऊन, एक हात पेटीवर ठेवून बसली होती.

"बाई, त्याचा काऊन नाई काढला?"

"एकडाव काढला होता," ती म्हणाली. "पाह्यलं ना काय झालं तं."

बाहेर लखलखलं. मी वाकून प्लग उपटला. दिवा विझला. ती हात पुढे करून "नोको, नोको" म्हणत होती. मी तिच्यासमोर खाली बसलो आणि सगळं सांगितलं. काहीही वगळलं नाही. बॅंड, सूचना, पुसलेलं कार्ड, बासरी, माझ्या दुकानातला प्लग. "तुह्या हातानं काईच गेलं नाई, बाई. माह्यानं गेलं. त्या दिवशीच सांगाचं होतं."

पाऊस आला, कौलांवर मोठ्याने वाजायला लागला. ती माझ्याकडे पाहत नव्हती. समोर भिंतीवर भाऊजींचा फोटो होता, मीच काढलेला, मीच फ्रेम करून दिलेला. खाली निरांजन.

"तीन मयने," ती म्हणाली. "रोज वात लावतानी मी त्यायले सांगत होती, तुमचं बोलनं माह्या हातानं गेलं, माफ करा म्हनून. तू रोज फोनवर होता. काऊन नाई सांगतलं?"

  चूक कबूल केली तर लहान होईन असं वाटलं, एवढंच म्हणता येईल, आणि ते तिला म्हणायची लाज वाटली. पाऊस थांबल्यावर मी डब्याची वायर गुंडाळली. मग मी म्हटलं, "हा डबा मी घेऊन जातो, बाई. दुसरीकडे ठेवीन."

ती उठली. भिंतीला धरून उठली. "राहू दे," म्हणाली. "लोकायचे लग्न हायेत त्याच्यात. त्यायचं तरी जाऊ नये." मी आणलेली बॅटरी तिने परत माझ्या पिशवीत टाकली. "हे घेऊन जा. मी दाबीन बटन. मले येते आता."

त्या दिवसापासून बाईचा फोन नाही. मी केला तर उचलते, बरी आहे म्हणते, पोरगी येऊन गेली म्हणते आणि ठेवते. मी कितीदा माफी मागितली. ती "हो" म्हणते. यंदाही राखी पोस्टाने आली.

मी डब्याच्या सूचना परत चालू केल्या आहेत. भाऊजी कट्ट्यात हात घालून पाहायचे, तसा रोज एक फोटो उघडून पाहतो. आभाळ आलं की मी दुकानातले प्लग काढतो आणि मोबाइल समोर घेऊन बसतो. थोड्या वेळाने सूचना येते, चिचगड बंद. मी गिऱ्हाइकाला थांबायला सांगतो. अर्धा तास, कधी दीड तास. मग येते, चिचगड चालू. म्हणजे वीज थांबली, बाई आतल्या खोलीत आली, प्लग लावला, बटण दाबलं आणि दिवा हिरवा होईपर्यंत तिथे उभी राहिली. तिला आता मला विचारावं लागत नाही.